‘स्मॉलपॉक्स’च्या शब्दजोड्यांचं पान: नामं बिनधास्त घ्या, क्रियापदं पारखून

इंग्रजीचे ऑनलाइन शब्दकोश हल्ली अर्थाबरोबर आणखी एक पान देतात: हा शब्द कोणत्या शब्दांच्या शेजारी बसतो, याचं. स्मॉलपॉक्स म्हणजे आपली देवी, आणि तिच्या नावाचंही असं फुकट पान असतं. ही पानं एकाच साच्यातून निघतात. एका कोशातलं पान पाहिलं की दुसऱ्यातलं वेगळं काही सांगत नाही. म्हणून इथे कुठल्या एका कोशाचं नाव न घेता या प्रकारच्या पानाचंच परीक्षण केलं आहे. कसोटी अशी: देवीच्या इतिहासावरचा किंवा लसीवरचा मजकूर मराठीतून इंग्रजीत नेणाऱ्याला, किंवा थेट इंग्रजीत लिहिणाऱ्याला, हे पान कुठवर साथ देतं?

पानावर सहसा आठ-दहा जोड्या असतात. केस ऑफ स्मॉलपॉक्स, इरॅडिकेशन ऑफ स्मॉलपॉक्स, स्मॉलपॉक्स आउटब्रेक, स्मॉलपॉक्स एपिडेमिक, स्मॉलपॉक्स व्हॅक्सिन, स्मॉलपॉक्स व्हॅक्सिनेशन, स्मॉलपॉक्स व्हायरस, झालंच तर स्मॉलपॉक्स पेशंट. क्रम वर्णानुक्रमे. प्रत्येक जोडीखाली यंत्राने उचललेली एक-दोन वाक्यं. जोडी बरोबर आहे एवढी खात्री त्यातून होते. ती कधी वापरायची आणि कधी नाही, हे मात्र वाचणाऱ्याने आपलं आपण ओळखायचं.

नामांची बाजू भक्कम आहे, यात शंका नाही. अडचण येते ती वर्णानुक्रमामुळे. केस, आउटब्रेक आणि एपिडेमिक ही एकाच शिडीची पायरी-पायरीने चढणारी नावं आहेत, पण पानावर ती विखुरलेली असतात. केस म्हणजे एक रुग्ण. आउटब्रेक म्हणजे एखाद्या ठिकाणी अपेक्षेपेक्षा जास्त रुग्ण. एपिडेमिक म्हणजे मोठ्या भागात पसरलेली साथ. मराठीत ‘साथ’ हा एकच शब्द शेवटच्या दोन्हींना चालतो, त्यामुळे भाषांतरात सगळ्याला एपिडेमिक लावून मोकळं होण्याची सवय दिसते. देवीच्या बाबतीत तर आउटब्रेकचा उंबरठा फारच खाली आहे: रोग जगातून गेलेला असल्याने आज प्रयोगशाळेने पक्का केलेला एकच रुग्ण सापडला तरी त्याला आउटब्रेकच म्हणतील. एंडेमिक हा चौथा शब्द या पानांवर क्वचितच दिसतो, आणि तो हवाच होता. ज्या देशात देवी वर्षानुवर्षं कायमची मुक्कामाला होती तिथे ‘स्मॉलपॉक्स वॉज एंडेमिक’ असंच म्हणतात. तिथे एपिडेमिक लिहिलं तर कायमचा मुक्काम अचानक आलेली साथ होऊन बसतो.

‘स्मॉलपॉक्स एपिडेमिक’ की ‘एपिडेमिक ऑफ स्मॉलपॉक्स’? पान दोन्ही देतं, फरक सांगत नाही. वर्ष किंवा गाव पुढे लावून घटनेला नाव द्यायचं असेल तर पहिली जोडी: ‘द 1721 बॉस्टन स्मॉलपॉक्स एपिडेमिक’. साथीने काय केलं हे सांगायचं असेल तर दुसरी: ‘अॅन एपिडेमिक ऑफ स्मॉलपॉक्स स्वेप्ट थ्रू द टाउन’. उलट केलं तर चूक ठरणार नाही, पण वाक्य अडखळतं.

बॉस्टनचं उदाहरण आणखी एका कारणासाठी कामाचं आहे. त्या साथीत 844 माणसं दगावली, आणि त्याच साथीत काही लोकांनी मुद्दाम देवी टोचून घेतल्या. इथे मराठी लेखक हमखास घसरतो. ‘देवी टोचणे’ किंवा जुन्या बोलीतलं ‘देवी काढणे’ आपल्याकडे लसीकरणालाच म्हणतात, म्हणून हात सरळ व्हॅक्सिनेशनकडे जातो. पण 1721 मध्ये व्हॅक्सिन नव्हतंच. एडवर्ड जेनरने जेम्स फिप्स या मुलाला गायीच्या देवीतला स्राव टोचला तो 14 मे 1796 रोजी. त्याआधीची पद्धत म्हणजे देवी आलेल्या माणसाच्या फोडातला स्राव निरोग्याच्या त्वचेत घालायचा, म्हणजे त्याला खरीच देवी येते, बहुतेक वेळा सौम्य. तिला म्हणायचं इनॉक्युलेशन, किंवा अधिक नेमकं हवं असेल तर व्हेरिओलेशन.

आणि खरा भेद आहे अव्ययात. ‘इनॉक्युलेटेड विथ स्मॉलपॉक्स’ म्हणजे देवीच टोचली. ‘व्हॅक्सिनेटेड अगेन्स्ट स्मॉलपॉक्स’ म्हणजे देवी होऊ नये म्हणून दुसरं काही टोचलं. ‘व्हॅक्सिनेटेड विथ काउपॉक्स’ हेही बरोबर, कारण ते दुसरं काही म्हणजे काउपॉक्स, गायीची देवी. ‘व्हॅक्सिनेटेड विथ स्मॉलपॉक्स’ मात्र कुठल्याच काळात खरं नव्हतं, आणि ‘देवी टोचली’चं शब्दशः रूप नेमकं तेच होतं. विसाव्या शतकातल्या मजकुरात ‘इनॉक्युलेटेड अगेन्स्ट’ ढिलेपणाने लसीकरणालाही वापरलेलं सापडतं, त्यामुळे जुना मजकूर वाचताना आधी वर्ष पाहावं. ब्रिटनने व्हेरिओलेशनवर 1840 मध्ये कायद्याने बंदी घातली. तिथल्या त्यानंतरच्या मजकुरात इनॉक्युलेशन दिसलं तर त्याचा अर्थ बहुधा लसच. शब्दजोड्यांचं पान यातलं काहीही दाखवत नाही, कारण ते दोन शब्द मोजतं, मधलं अव्यय आणि काळ सोडून देतं. या पानाची सगळ्यात मोठी उणीव हीच आहे, आणि बाकीच्या बहुतेक चुका तिच्याच पोटी जन्मतात.

क्रियापदांचं बघा. देवी झाली, देवी आल्या, देवी निघाल्या असं आपण म्हणतो, आणि त्यातही ‘आल्या’ अनेकवचनी. त्यावरून ‘स्मॉलपॉक्स वेअर’ लिहिलं जातं. पॉक्स हे मुळात पॉक या शब्दाचं अनेकवचन, हे खरं, पण आजच्या इंग्रजीत रोगाचं नाव एकवचनी आहे आणि त्याच्या आधी आर्टिकल लागत नाही. ‘द स्मॉलपॉक्स’ जुन्या पत्रांत आणि कादंबऱ्यांत दिसतं. आज लिहिलं तर मुद्दाम जुना बाज आणल्यासारखं वाटतं. रोग होणं या अर्थी तीन-चार क्रियापदं आहेत आणि त्यांचा थर वेगळा आहे. ‘कॉन्ट्रॅक्ट’ लेखी आणि वैद्यकीय. ‘कॅच’ आणि ‘गेट’ बोलीतले. ‘कम डाउन विथ’ म्हणजे लक्षणं सुरू झाली, आजारी पडला. शेवटचं वापरताना तारखेकडे लक्ष हवं: देवीचा संसर्ग आणि पहिला ताप यांच्यामध्ये साधारण 7 ते 19 दिवस जातात, त्यामुळे ज्या दिवशी ‘कॉन्ट्रॅक्ट’ केलं त्या दिवशी कोणी ‘कम डाउन’ होत नाही. एकाच वाक्यात दोन्ही एका तारखेला बसवलेले दिसले की लिहिणाऱ्याने रोगाचा अभ्यास केलेला नाही हे लगेच कळतं.

देवीने दगावला: ‘डाइड ऑफ स्मॉलपॉक्स’. आपल्या ‘ने’मुळे ‘बाय’ किंवा ‘विथ’ सुचतं, दोन्ही टाळावीत. ‘डाय फ्रॉम’ चालतं, पण रोगाच्या नावापुढे ‘ऑफ’च जास्त रुळलेलं आहे. देवीतून उठला, वाचला: ‘सर्व्हाइव्ह्ड स्मॉलपॉक्स’, मध्ये काही नाही. ‘तून’ पाहून ‘सर्व्हाइव्ह्ड फ्रॉम’ लिहिणं ही मराठी हातातली सर्वांत हट्टी चूक असावी. ‘रिकव्हर’ला मात्र ‘फ्रॉम’ लागतं. प्रतिकारशक्तीसाठी ‘इम्यून टू स्मॉलपॉक्स’, नाम वापरलं तर ‘इम्युनिटी टू’ किंवा ‘अगेन्स्ट’. संपर्क आला असेल तर ‘एक्स्पोज्ड टू’. यातल्या किती जोड्या पानावर सापडतात? जवळपास एकही नाही. पानाची नजर नामांवर खिळलेली असते.

‘वाइप आउट’ची गंमत वेगळी. देवीने गावं ओस पाडली तरी हेच क्रियापद, आणि मोहिमेने देवी संपवली तरी हेच. कर्ता कोण आणि कर्म कोण एवढ्यानेच अर्थ उलटतो. कर्मणी वाक्यात ‘बाय’नंतर काय आहे ते दोनदा वाचावं.

आता इरॅडिकेशन. पान ही जोडी अभिमानाने वर ठेवतं, आणि ठेवायलाच हवी, कारण माणसाचा जगभरातून संपवलेला रोग हा एकच आहे. पण सोबतचे तीन शब्द पानावर नसतात. कंट्रोल म्हणजे प्रमाण आटोक्यात आणणं. एलिमिनेशन म्हणजे एखाद्या देशातून किंवा भागातून शून्य, पण बाहेरून परत येण्याची भीती असल्याने उपाय चालू. इरॅडिकेशन म्हणजे साऱ्या जगात कायमचं शून्य, उपाय थांबवता येतील असं. एक्स्टिंक्शन म्हणजे विषाणूच कुठे उरला नाही, ना निसर्गात ना प्रयोगशाळेत. देवी चौथ्या पायरीवर पोहोचलेली नाही: अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात नोवोसिबिर्स्कजवळच्या कोल्त्सोवोला तिचे साठे जपलेले आहेत. म्हणून ‘स्मॉलपॉक्स इज एक्स्टिंक्ट’ हे वाक्य चुकीचं, आणि ‘रिमेनिंग स्टॉक्स ऑफ स्मॉलपॉक्स व्हायरस’ ही जोडी रोजच्या वापरातली. ते साठे नष्ट करायचे की ठेवायचे यावर वाद आहे, आणि त्या वादात ‘डिस्ट्रॉय’ आणि ‘रिटेन’ ही क्रियापदं ठरलेली. एका देशापुरतं बोलताना जुन्या अहवालांत ‘इरॅडिकेटेड फ्रॉम’ सापडतं. ते अवतरण म्हणून द्यावं, स्वतःच्या वाक्यात एलिमिनेटेड वापरावं.

तारखांच्या बाबतीत विशेषणं फार काटेकोर लागतात. तीन माणसं, तीन विशेषणं. रहिमा बानू, बांगलादेशातल्या भोला बेटावरची लहान मुलगी, 1975: ही ‘लास्ट नॅचरल केस ऑफ व्हेरिओला मेजर’, म्हणजे देवीच्या तीव्र प्रकाराची. अली माओ मालिन, सोमालियातल्या मेर्का शहरातला रुग्णालयातला आचारी, ऑक्टोबर 1977: ही ‘लास्ट नॅचरली ऑकरिंग केस’, व्हेरिओला मायनरची, म्हणजे सौम्य प्रकाराची. जॅनेट पार्कर, बर्मिंगहॅमच्या वैद्यकीय महाविद्यालयातली छायाचित्रकार, 1978: तिचा संसर्ग तिथल्या प्रयोगशाळेशी जोडला गेला. सप्टेंबरमध्ये ती गेली, आणि देवीने झालेला शेवटचा मृत्यू तिचा. यातलं ‘नॅचरली’ गाळलं की मालिनविषयीचं वाक्य खोटं होतं. ‘मेजर’ गाळलं की रहिमा बानूविषयीचं. पानावर ‘लास्ट केस ऑफ स्मॉलपॉक्स’ अशी सुटसुटीत जोडी सापडली तर तिच्यापासून दूर राहिलेलं बरं.

तसंच 1980 चं. तज्ज्ञांच्या आयोगाने देवी संपल्याच्या प्रमाणपत्रावर सह्या केल्या 9 डिसेंबर 1979 रोजी: तिथे ‘सर्टिफाइड’. जागतिक आरोग्य सभेने घोषणा केली 8 मे 1980 रोजी: तिथे ‘डिक्लेअर्ड इरॅडिकेटेड’. नुसतं ‘वॉज इरॅडिकेटेड इन 1980’ सगळीकडे छापलेलं असतं, पण रोगाचा नैसर्गिक प्रसार थांबला होता त्याच्या अडीच वर्षं आधीच.

व्रणांकडे या पानांनी जवळजवळ पाठच फिरवली आहे, आणि घोटाळा तिथेच सर्वांत जास्त. ‘देवीचा व्रण’ म्हटलं की मराठीत दोन अर्थ निघतात: रोगाने चेहऱ्यावर पडलेले खळगे, आणि लस टोचल्यावर दंडावर राहिलेली गोल खूण. इंग्रजी ‘स्मॉलपॉक्स स्कार’ही तितकंच दुटप्पी आहे. वाक्यात चेहरा असेल तर ‘पॉकमार्क्स’, ‘पॉकमार्क्ड फेस’ किंवा ‘स्कार्ड बाय स्मॉलपॉक्स’ घ्यावं. दंड असेल तर न कंटाळता पूर्ण लिहावं: ‘स्मॉलपॉक्स व्हॅक्सिनेशन स्कार’. मधला शब्द वाचवायच्या नादात निरोगी माणसाला देवी होऊन गेल्याचं लिहून बसतो आपण.

पुरळाच्या जोड्यांचंही तेच. ‘रॅश’ येतो तेव्हा ‘अपिअर्स’ किंवा ‘ब्रेक्स आउट’. मग मॅक्यूल, पॅप्यूल, व्हेसिकल, पुस्च्यूल, स्कॅब असा क्रम, म्हणजे डाग, उंचवटा, पाणी भरलेला फोड, पू भरलेला फोड, खपली. फोडांना ‘क्रस्ट ओव्हर’, खपल्यांना ‘फॉल ऑफ’. शेवटची खपली पडेपर्यंत रुग्णापासून लागण होऊ शकते, म्हणून ‘अंटिल द लास्ट स्कॅब फॉल्स ऑफ’ हा तुकडा वैद्यकीय सूचनांत वारंवार येतो. ‘कॉन्फ्लुएंट’ हे विशेषण अनेकजण ‘तीव्र’ म्हणून उचलतात. त्याचा अर्थ फोड एकमेकांत मिसळले एवढाच, आणि सुटे असतील तर ‘डिस्क्रीट’. रोगाचे प्रकार सांगायचे असतील तर चार ठरलेली विशेषणं आहेत: ऑर्डिनरी, मॉडिफाइड, फ्लॅट, हेमोरॅजिक. लस न घेतलेल्यांतले दहापैकी जवळपास नऊ रुग्ण पहिल्या प्रकारातले. ‘मॉडिफाइड’ हा मुख्यतः आधी लस घेतलेल्यांतला सौम्य प्रकार. त्याचं ‘सुधारित देवी’ असं भाषांतर होऊ शकतं, आणि ते भलतंच आहे.

मृत्यूच्या आकड्याला ‘मॉर्टॅलिटी रेट’ लावू नये. देवी झालेल्यांपैकी किती गेले हे सांगायचं असेल तर ‘केस फॅटॅलिटी रेट’: व्हेरिओला मेजरसाठी साधारण 30 टक्के, मायनरसाठी 1 टक्का किंवा त्याहून कमी. ‘मॉर्टॅलिटी’मध्ये भागाकार साऱ्या लोकसंख्येने होतो.

लसीच्या जोड्या पानावर आहेत, पण अर्ध्याच. ‘स्मॉलपॉक्स शॉट’ बोलीत रुळलेलं असलं तरी कृतीचं वर्णन करताना ते फसवतं, कारण देवीच्या पारंपरिक लसीत नेहमीसारखी सुई आत खुपसून औषध सोडलंच जात नाही. दोन टोकांची सुई, ‘बायफर्केटेड नीडल’, लसीत बुडवायची. दोन टोकांच्या मध्ये सुमारे 0.0025 मिलिलिटरचा थेंब धरला जातो, आणि दंडावर एका लहानशा जागेत भराभर 15 टोचे मारायचे. क्रियापद ‘जॅब’ किंवा ‘प्रिक’, नाम ‘पंक्चर’ किंवा ‘स्ट्रोक’. लस लागली, फोड आला, तर इंग्रजीत त्याला ‘टेक’ म्हणतात, आणि ते नाम आहे: ‘अ सक्सेसफुल टेक’. ही जोडी कुठल्याही साध्या पानावर सापडणार नाही. यंत्र ‘टेक’ला क्रियापद समजून गाळून टाकतं. लसीत देवीचा विषाणू नसतो, व्हॅक्सिनिया नावाचा त्याचा भाऊबंद असतो, त्यामुळे ‘अ डोस ऑफ स्मॉलपॉक्स’ लिहायचं नाही.

मोहिमेच्या परिभाषेत तीन जोड्या अनिवार्य: ‘मास व्हॅक्सिनेशन’, ‘रिंग व्हॅक्सिनेशन’, ‘सर्व्हेलन्स अँड कंटेनमेंट’. पहिलीत सगळ्यांना लस. दुसरीत रुग्ण शोधून त्याच्याभोवतीच्या माणसांना. अमेरिकन साथरोगतज्ज्ञ विल्यम फेगी यांनी 1966 च्या अखेरीस पूर्व नायजेरियात लस अपुरी पडली म्हणून दुसरी वाट धरली, आणि पुढे तीच रीत झाली. या जोड्यांत स्मॉलपॉक्स हा शब्दच नसल्याने पान त्या दाखवू शकत नाही. साच्याची ही मर्यादा समजून घेण्यासारखी आहे: शब्दाच्या शेजारी बसणारे दिसतात, विषयाच्या शेजारी बसणारे दिसत नाहीत.

शेजारच्या नावांची यादी काही पानं खाली देतात: चिकनपॉक्स, काउपॉक्स, मंकीपॉक्स. ती पर्यायी शब्द म्हणून अजिबात वाचू नये. कांजिण्यांचा विषाणू नागिणीचाच, हर्पीस कुळातला. नावातल्या पॉक्सपलीकडे देवीशी त्याचं नातं नाही. मंकीपॉक्स खरोखर देवीच्या गोतातला, पण जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2022 मध्ये ‘एमपॉक्स’ हे नाव सुचवलं, तेव्हा नव्या मजकुरात तेच वापरावं. ‘स्मॉलपॉक्स ब्लँकेट्स’ ही जोडी दिसली तर ते रुग्णालयातलं सामान समजू नये. 1763 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या फोर्ट पिट या ब्रिटिश किल्ल्यात देवीच्या रुग्णालयातली दोन घोंगडी आणि एक रुमाल मूळ रहिवाशांच्या प्रतिनिधींना दिले गेले, तिथून या जोडीला घातपाताचा अर्थ चिकटलेला आहे.

गुण द्यायचे तर पाचपैकी तीन. शाळेचा निबंध, बातमीचा मथळा, सादरीकरणाची पाटी, एवढ्यासाठी पान पुरेसं. अनुवाद, उपशीर्षकं किंवा वैद्यकीय मजकुरासाठी ते एकटं वापरू नये, सोबत कॉर्पस, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या भाषेचा शोधता येणारा संग्रह, हवाच. अमेरिकन इंग्रजीचा ‘कोका’ हा संग्रह 1990 ते 2019 या काळातल्या शंभर कोटींहून अधिक शब्दांचा आहे. त्यात क्रियापद कॅपिटल अक्षरांत टाइप केलं की त्याची सगळी रूपं एकदम शोधली जातात, आणि पुढचं अव्यय बोलीतलं की लेखी हेही विभागवार दिसतं. ‘सर्व्हाइव्ह’ची शंका तिथे एका शोधात फिटते. काळाचा प्रश्न असेल तर त्याचाच ऐतिहासिक भाऊ ‘कोहा’, 1820 च्या दशकापासूनचा.

छापील पुस्तकांतले शब्द वर्षवार मोजून दाखवणारा गुगलचा एनग्रॅम व्ह्यूअर सर्वांत झटपट. स्मॉलपॉक्स लिहून पुढे जागा सोडून तारा (*) टाकला की त्याच्यामागून येणारे सर्वाधिक वापराचे दहा शब्द आलेखासह मिळतात. पाच शब्दांपेक्षा लांब तुकडा तो घेत नाही. पुस्तकाचं वर्ष आवृत्तीचं असतं, म्हणून पुनर्मुद्रणांमुळे जुनी जोडी नव्या काळात दिसू शकते. शब्द तीन प्रकारे शोधावा: सलग, मध्ये जोडरेघ देऊन आणि दोन शब्द सुटे करून, कारण जुन्या छपाईत शेवटचे दोन प्रकार भरपूर आहेत. आणि 1800 च्या आधीचं काही हवं असेल तर ‘एस’च्या जागी ‘एफ’ घालूनही पाहावं. त्या काळी शब्दाच्या सुरुवातीचा ‘एस’ लांब दांडीचा छापत, आणि स्कॅन वाचणारं यंत्र कित्येकदा त्याला ‘एफ’ समजतं. मग ‘स्मॉल पॉक्स’ तिथे ‘फ्मॉल पॉक्स’ म्हणून पडलेला असतो.